सांगाडा येतोय, डोकी सांभाळा! : प्रकल्प नोंदी

२६ ऑक्टोबर २०२५

दिवाळी उरकली, आकाशकंदील उतरले आणि आमच्या सांगलीच्या चित्रपट मंडळाचा नोव्हेंबरचा खेळ ठरला : ‘हाउस ऑन हाँटेड हिल’. साल १९५९, कृष्णधवल, ७५ मिनिटं, दिग्दर्शक विल्यम कॅसल, मुख्य भूमिकेत व्हिन्सेंट प्राइस. नुसता चित्रपट दाखवायचा तर लोक घरी अंथरुणात पडून मोबाइलवर बघतील, हॉलपर्यंत कशाला येतील? म्हणून तो ‘इमर्गो’सकट दाखवायचा.

इमर्गो म्हणजे काय, हे बैठकीत सांगावं लागलं. अमेरिकेतल्या थिएटरांत पडद्याजवळ एक काळी पेटी बसवलेली असे. शेवटाकडे पडद्यावर सांगाडा उठला की ती पेटी उघडायची आणि आतला प्लॅस्टिकचा सांगाडा, डोळ्यांत लाल दिवे लावलेला, तारेवरून प्रेक्षकांच्या डोक्यांवरून बाल्कनीकडे जायचा आणि तसाच माघारी यायचा. बास. एवढ्या भांडवलावर जाहिरातीत मात्र सिनेमास्कोपच्या थाटाचं नाव. कॅसलसाहेबांचं हेच मला आवडतं. थाप मारायची तर तीही टाय लावून.

हक्कांचा प्रश्न खजिनदारांनी काढलाच. अमेरिकेत ह्या चित्रपटाच्या हक्कांचं नूतनीकरण झालं नाही, त्यामुळे तिथे तो केव्हाच सार्वजनिक झाला. आपल्याकडे चित्रपटाला प्रदर्शनानंतर ६० वर्षांचं संरक्षण, म्हणजे २०१९ अखेर तेही संपलं. खजिनदारांचा चेहरा पहिल्यांदाच खुलला.

खेळ २२ नोव्हेंबरला. जागा वाचनालयाचा हॉल : लांबी ५८ फूट, मागे छोटी बाल्कनी, पुढे रंगमंचावर छपराची लोखंडी कैची. तार बांधायला ह्याहून चांगलं काय हवं.

२९ ऑक्टोबर

सगळ्यांनी मिळून चित्रपट पाहिला, मी वही घेऊन. गोष्ट अशी : फ्रेडरिक लॉरेन नावाचा धनाढ्य गृहस्थ बायकोच्या निमित्ताने झपाटलेल्या घरात पार्टी देतो. पाच पाहुणे. जो रात्रभर टिकेल त्याला १०,००० डॉलर. मध्यरात्री दारं बंद होणार, मग बाहेर पडायची सोय नाही. आणि पाहुण्यांना भेट काय, तर छोट्या छोट्या शवपेट्यांत ठेवलेली एकेक पिस्तूल!

सुरुवात फार धूर्त आहे. पडदा पूर्ण काळा आणि नुसत्या किंकाळ्या. १९५९ च्या थिएटरात त्या काळोखात हॉलमधलं कोण ओरडतंय आणि पडद्यावरचं कोण, हे कुणाला कळलं असेल? मग काळोखात एक तरंगतं मुंडकं उगवतं. घराचा मालक प्रिचर्ड. तो सांगतो, शंभर वर्षांपूर्वी बांधलेल्या ह्या घरात माझ्या भावासकट सात जणांचे खून झालेत.

लगेच घर दिसतं, आणि मला हसू आवरेना. कारण ते शंभर वर्षांचं घर म्हणजे लॉस एंजेलिसमधलं एनिस हाउस, फ्रँक लॉइड राइटने १९२४ मध्ये उभारलेलं. माया संस्कृतीच्या देवळांवरून सुचलेले नक्षीचे काँक्रीटचे ठोकळे, तेही २७,००० च्या वर. चित्रीकरणाच्या वेळी वास्तूचं वय पस्तिशीच्याही आत. पाहुणे दारातून आत शिरतात तर आत एकदम व्हिक्टोरियन थाट, गॅसचे दिवे, झुंबरं, कोळिष्टकं. बाहेरच्या घराचा आतल्या घराशी सुतराम संबंध नाही. आणि गंमत म्हणजे काही अडत नाही! भिंत बाहेरून विचित्र, आतून जुनाट. भुतांना राहायला आणखी काय लागतं?

आमच्यातल्या वहिनींना तळघरातली म्हातारी आवडली. पाहुण्यांतली नोरा भिंत चाचपत असते, कॅमेरा तिच्याबरोबर सरकतो, आणि अचानक शेजारी एक पांढऱ्या डोळ्यांची बाई, नख्यांसारखी बोटं पसरलेली. ही बाई मग पाय न हलवता सरळ घरंगळत दाराबाहेर जाते. खाली चाकं आहेत हे आंधळ्यालाही कळेल. वहिनी म्हणाल्या, “अहो, चाकं आहेत हे कळलं तरी मी उशी तोंडावर घेतलीच की.”

२ नोव्हेंबर

सांगाडा. वैद्यकीय महाविद्यालयात शिकवायला असतो तसला प्लॅस्टिकचा पूर्णाकृती सांगाडा तोलायला गेलो तर सहज आठ-दहा किलो. तो कुणाच्या डोक्यावरून न्यायचा म्हणजे खेळाऐवजी पंचनामा. तेव्हा हलका घरीच करायचा.

उतरलेल्या आकाशकंदिलांच्या कामट्या होत्याच. पाठीचा कणा एका लांब कामटीचा, बरगड्या पातळ कामट्या पाण्यात भिजवून वाकवलेल्या, त्यावर फोमच्या शीटचे कापलेले तुकडे. कवटी कागदाच्या लगद्याची, फुग्यावर थापून. सुतारमामांनी सांध्यांना चामड्याच्या वाद्या लावल्या. गुडघ्याला वादी मागच्या बाजूने खिळली, त्यामुळे पाय मागेच दुमडतो, पुढे नाही. मी म्हटलं, “मामा, एवढं कोण बघणार आहे?” मामा म्हणाले, “गुडघा उलटा वाकला की पोरं हसत्यात. हसायचं ते मागनं हसूद्यात, आधी नगं.”

ह्या माणसाने राज्य नाट्य स्पर्धांची कित्येक नेपथ्यं उभी केली आहेत. त्यांच्यापुढे मी गप्प बसतो.

डोळ्यांत दोन लाल एलइडी, ओळीत जोडलेले, २७० ओमचा रोध, नऊ व्होल्टची बॅटरी कवटीच्या आत. एकूण वजन दीड किलो.

५ नोव्हेंबर

मराठी रंगभूमी दिन. सांगलीत आज काम करायचं म्हणजे निम्मी मंडळी भावे नाट्यमंदिरात. मामाही तिकडेच. रात्री परत आले आणि चहावर जो विषय निघाला तो नोंदवून ठेवतो, कारण त्याने आमच्या कामाची दिशा ठरली.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथेच ‘सीता स्वयंवर’ केलं. त्या पौराणिक नाटकांत राक्षस यायचा तो राळ उडवत, आरोळ्या ठोकत, तलवार नाचवत. लोकांनी ह्या नाटकांना ‘अललडुर्र’ म्हणायला सुरुवात केली ती त्या आरोळीवरूनच. राळेचा भपका, अंधारात पेटलेला रंगवलेला चेहरा, पुढच्या रांगेतल्या पोरांची पळापळ. आत गावातलाच कुणीतरी आहे हे पोरांना ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? ह्याच भाव्यांनी लाकडाच्या कळसूत्री बाहुल्याही केल्या होत्या, त्या पुढे रामदास पाध्यांनी दुरुस्त करून पुन्हा नाचवल्या. म्हणजे दोरीवरचा सांगाडा सांगलीत आणणं ही काही परदेशी उसनवारी नाही, असं मामांचं मत. माझंही.

तेव्हा ठरलं : आपला सांगाडा ‘खरा वाटावा’ म्हणून धडपडायचं नाही. तारेला काळा रंग द्यायचा नाही. दिसली तर दिसू दे.

९ नोव्हेंबर

आज दर्शनी भागाची आखणी. कॅसलचा खरा रंगमंच थिएटरचा दरवाजा हाच होता.

१९५८ पर्यंत हा माणूस कोलंबिया स्टुडिओसाठी स्वस्तातले चित्रपट वेळेत संपवून देणारा, एवढीच त्याची ओळख. मग त्याने घर गहाण टाकून ‘मकाब्र’ केला आणि प्रत्येक प्रेक्षकाला लंडनच्या लॉइड्सचा १,००० डॉलरचा विमा दिला : चित्रपट बघताना भीतीने मेलात तर वारसाला पैसे. आधीपासून हृदयविकार असलेल्यांना आणि आत्महत्या करणाऱ्यांना विमा लागू नाही, हेही छापलेलं. बाहेर शववाहिका उभी, लॉबीत परिचारिकेच्या वेशातल्या बायका. स्वतः कॅसल काही ठिकाणी शवपेटीतून अवतरायचा. चित्रपट बेताचाच आहे, खरं सांगायचं तर झोप येते. पण विम्याचा कागद हातात घेऊन बसलेल्या माणसाला झोप कशी येईल!

त्या कागदाचा वंश अजून संपलेला नाही. २००८ मध्ये रामगोपाल वर्मांनी ‘फूंक’ थिएटरात एकट्याने बसून बघणाऱ्याला पाच लाखांचं बक्षीस जाहीर केलं होतं, ते आठवा. आणि हिचकॉकने १९६० मध्ये ‘सायको’ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही असा नियम केला, त्याला आपण कला म्हणतो. मला तरी तो कॅसलचाच खेळ वाटतो, फक्त इस्त्री केलेला.

आमची पॉलिसी तयार. मजकूर वहिनींचा : “हा विमा मार्चएंड, दहावीचा निकाल किंवा कृष्णेची पाणीपातळी ह्यांमुळे आधीच घाबरलेल्या व्यक्तींना लागू नाही. भरपाई : एक पुडी भडंग.” खाली शिक्का आणि वारसाच्या नावाची जागा.

एक गोष्ट चर्चेनंतर वगळली. १९६१ च्या ‘होमिसायडल’मध्ये शेवटाच्या आधी ४५ सेकंदांचा ‘फ्राइट ब्रेक’ होता. पडद्यावर घड्याळ, हृदयाचे ठोके, आणि ज्याला पुढचं बघवत नाही त्याने उठून पैसे परत घ्यावेत. काही हुशार लोक शेवट पाहून झाल्यावर पुढच्या खेळाला बसून राहायचे आणि ब्रेकला उठून पैसे मागायचे, म्हणून तिकिटांचे रंग बदलावे लागले. तरीही कॅसलचं समाधान होईना, म्हणून त्याने ‘भित्र्यांचा कोपरा’ काढला : पैसे मागणाऱ्याने सगळ्यांसमोर पिवळ्या पाऊलखुणांवरून चालत जायचं, पिवळ्या खोक्यात रक्तदाब मोजून घ्यायचा, भित्रा असल्याच्या दाखल्यावर सही करायची. वाचायला धमाल आहे. पण आमच्याकडे सात-आठ वर्षांची मुलं येणार. त्यातलं एखादं खरंच घाबरलं तर त्याची अशी वरात काढणं मला पटेना. कोपरा ठेवला, पण लिंबू सरबताचा. आजी-आजोबांनाही तिथे प्रवेश.

१२ नोव्हेंबर

तार चढली. तीन मिलीमीटरची पोलादी दोरी, एक टोक रंगमंचावरच्या कैचीला, दुसरं बाल्कनीच्या खांबाला, मध्ये तार ताणायला टर्नबकल. तारेची उंची सगळ्यात कमी तिथेही जमिनीपासून बारा फूट, म्हणजे लोंबत्या पायांखालून उंच माणूस हात वर करून गेला तरी हाताला काही लागू नये. मध्यावर वीसेक किलोचं वाळूचं पोतं रात्रभर लटकवून ठेवलं आहे. दीड किलोच्या सांगाड्यासाठी हे जास्तच, पण खाली लोकांची पोरं बसणार आहेत.

ओढायची यंत्रणा अशी : नायलॉनच्या दोरीचा अखंड वेढा, रंगमंचाकडे कप्पी, बाल्कनीत सायकलची टायर काढलेली रिम, तिला हँडल. रिमच्या एका फेऱ्यात दोरी साधारण साडेसहा फूट सरकते, म्हणजे नऊ फेऱ्यांत सांगाडा बाल्कनीशी. हँडलवर माझा भाचा. इंजिनिअरिंगला आहे. त्याने स्टेपर मोटर आणि मोबाइल ॲप सुचवलं. नको म्हटलं. हाताने फिरवलं की सांगाडा जरा अडखळतो, मध्येच थबकतो, पुन्हा सुटतो. मोटरवर तो लिफ्टसारखा येईल.

कप्पी कुरकुरते. तेल घालायचं की नाही ह्यावर अर्धा तास वाद. निकाल : अर्धं तेल.

१५ नोव्हेंबर

(चित्रपट पाहिला नसेल तर ही नोंद सोडून पुढे जा. शेवट सांगतो आहे.)

प्रसंगाशी वेळ जुळवण्यासाठी तळघराचा भाग पुन्हा पुन्हा चालवला. लॉरेनची बायको ॲनाबेल तळघरात येते. ॲसिडच्या हौदातून सांगाडा वर येतो, नवऱ्याच्या आवाजात बोलतो, तिच्याकडे चालत येतो. ती मागे मागे सरकते आणि हौदात पडते. मग अंधारातून लॉरेन बाहेर येतो, आणि त्याच्या अंगावर दोऱ्या आणि दांड्यांचं एक लाकडी कडबोळं. सांगाडा तोच नाचवत होता!

इतकी वर्षं हा शेवट मी ‘काय पण लॉजिक’ म्हणून हसण्यावारी नेला. बाल्कनीत सायकलच्या रिमशेजारी उभं राहून बघितल्यावर वेगळंच दिसलं. पडद्यावर एक माणूस दोऱ्या ओढून सांगाडा चालवतोय आणि त्याच क्षणी थिएटरात दुसरा माणूस दोरी ओढून सांगाडा चालवतोय. इमर्गो हे चित्रपटाला वरून चिकटवलेलं ठिगळ नाही. चित्रपटाची गोष्टच इमर्गोची आहे. ह्या घरात एकही भूत नक्की सिद्ध होत नाही. आहे तो एक नवरा, थोडं सुतारकाम आणि योग्य वेळ. कॅसल आणि त्याचा लेखक रॉब व्हाइट ह्यांनी प्रेक्षकाला गंडवलं आणि गंडवायचं साहित्यही शेवटी समोर आणून ठेवलं. असा जादूगार विरळा.

म्हणूनच बाल्कनीतला पडदा काढून टाकला. मागे वळून पाहणाऱ्याला रिम फिरवणारा भाचा दिसलाच पाहिजे.

१६ नोव्हेंबर

रविवार, चिरीमिरी कामं, संध्याकाळी कॅसलचाच, १९५९ चाच ‘द टिंगलर’ पाहिला, त्यातही प्राइस. भीती वाटली की पाठीच्या कण्यावर एक किडा वाढतो आणि किंचाळलं तरच तो ढिला पडतो, अशी कल्पना. ह्याच्यासाठी कॅसलने काही खुर्च्यांखाली विमानाच्या पंखांवरचा बर्फ काढायच्या, युद्धातून उरलेल्या मोटरी बसवल्या. त्याचं नाव ‘परसेप्टो’. पडद्यावर किडा थिएटरात सुटतो, अंधार होतो, प्राइसचा आवाज “किंचाळा, जीव वाचवायचा तर किंचाळा” म्हणतो, आणि खुर्ची थरथरते.

आमच्याकडे प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि मणक्यांची दुखणी असलेले सभासद. विषय संपला.

पण न्हाणीघराचा प्रसंग विसरता येणार नाही. चित्रपट कृष्णधवल. बोलता-ऐकता न येणारी बाई न्हाणीघरात जाते, नळ सोडते आणि बेसिनमध्ये लालभडक रक्त. टब रक्ताने भरलेला आणि त्यातून एक लाल हात वर येतो. बाकी सगळं करडं. हे केलं कसं? हा भाग रंगीत फिल्मवरच घेतला, मात्र न्हाणीघर काळ्या, पांढऱ्या, करड्या रंगांत रंगवलं आणि नटीच्या, ज्युडिथ एव्हलिनच्या, चेहऱ्याला नि हातांनाही करडा रंग फासला. मामांनी हा तुकडा उभं राहून पाहिला. “रंगाऱ्याचं काम हाय हे,” म्हणाले. त्यांच्या तोंडून ह्याहून मोठं प्रशस्तिपत्रक निघत नाही.

१९ नोव्हेंबर

रंगीत तालीम. सांगाड्याच्या पेटीचं दार फळ्यांचं, वरून खाली पडणारं. धाडकन आवाज फार चांगला येतो. खाली गादीचा तुकडा टाकायचा होता, तो रद्द.

जुन्या हकिगती वाचताना एक गोष्ट सगळीकडे येते : अमेरिकेतल्या पोरांना इमर्गोची बातमी लागली आणि ती पुढच्या खेळांना तयारीने यायला लागली. सांगाडा निघाला की पॉपकॉर्नची खोकी, गोळ्यांची पाकिटं, काही ठिकाणी बेचक्या. सांगाडा पाडणं हाच कार्यक्रम. कॅसलला ह्याचा राग आला असेल असं मला वाटत नाही. तिकिटं तर विकली गेलीच होती.

ही परंपरा पाळायचीच. पण भडंग फेकू दिलं तर हॉल झाडणाऱ्या मावशी आम्हाला हौदात ढकलतील. म्हणून रद्दीचे बोळे करून टोपलीत ठेवले. दारात प्रत्येक मुलाला विम्याच्या कागदाबरोबर बोळे द्यायचे, कशासाठी ते मात्र सांगायचं नाही.

२२ नोव्हेंबर

खेळ झाला. रात्री उशिरा लिहितोय, थोडक्यात.

हॉल भरला, जिन्यातही लोक. काळ्या पडद्यावर किंकाळ्या सुरू होताच मागच्या रांगेतल्या कॉलेजच्या पोरींनी त्यात आपल्या मिसळल्या. शवपेट्यांतल्या पिस्तुलांना हशा. तळघरातल्या म्हातारीला पूर्ण हॉल दचकला, अगदी ज्यांनी आधी पाहिला होता तेही.

हौदातून सांगाडा वर आला तेव्हा कुजबुज थांबली होती. धाडकन पेटीचं दार पडलं. लाल डोळे दिसले आणि एक लांबलचक “आँ”. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत सांगाडा पुढच्या रांगेवर आला, पाय मामांच्या वाद्यांवर नीट मागे दुमडत होते, अर्ध्या तेलाची कप्पी नेमकी कुरकुरत होती. तिसऱ्या रांगेतल्या एका मुलाने पहिला बोळा मारला. मग काही बोलायची सोय नाही. पाऊस. सांगाडा हॉलच्या मधोमध थबकला (भाच्याने मुद्दाम थांबवला, असं तो म्हणतो), गोल फिरला आणि त्याच्या बरगड्यांत एक बोळा अडकला तो परत येईपर्यंत तिथेच. खुर्चीवर उभे राहून मारणाऱ्यांत आमचे खजिनदार होते. वय ६४.

पडद्यावर लॉरेन दोऱ्या घेऊन बाहेर आला तेव्हा कुणीतरी ओरडलं, “अरे, हा पण वढतोय की!” आणि सगळ्यांनी माना वळवून बाल्कनीकडे पाहिलं. भाच्याने रिम सोडून नमस्कार केला. त्या टाळ्यांत चित्रपटाचे शेवटचे संवाद कुणालाच ऐकू आले नाहीत.

सरबताच्या कोपऱ्यात दोन लहान मुलं आणि एक मोठे गृहस्थ बसले होते. गृहस्थांना मधुमेह असल्याने त्यांना बिनसाखरेचं दिलं. विम्याचा एकच दावा आला, वारसाने स्वतः भडंग खाऊन निकाली काढला.

२३ नोव्हेंबर

तार उतरवली. सांगाड्याच्या डाव्या बाजूच्या कामट्या मोडल्यात, कवटीला पोचा. एका शाळेला स्नेहसंमेलनासाठी हवा आहे. देऊ, पण तारेसकट नाही. तार बांधायची तर मामा जाणार आणि वाळूचं पोतं आधी लटकणार, ही अट.

३० नोव्हेंबर

पुढचा खेळ ‘१३ घोस्ट्स’, १९६०, ह्याला सर्वांची संमती. त्यातली युक्ती ‘इल्युजन-ओ’. प्रेक्षकाच्या हातात पुठ्ठ्याची चौकट, तिच्यात एक लाल पट्टी आणि एक निळी. भुतांच्या प्रसंगात पडद्यावरचं दृश्य निळसर आणि भुतं लाल. लाल पट्टीतून पाहिलं की निळं दबतं आणि भूत उठून दिसतं. निळीतून पाहिलं की लाल प्रकाश अडतो आणि भूत गायब. ज्याचा विश्वास आहे त्याने लाल धरावी, नाही त्याने निळी, अशी कॅसलची सूचना. भुतावर विश्वास ठेवायचा की नाही हे प्रत्येकाने खुर्चीत बसून, पाहिजे तेव्हा, बोटाने ठरवायचं!

आज चौकटीच्या पट्ट्यांसाठी रंगीत पारदर्शक जिलेटिन पेपरची चाचणी घेतली. साध्या लाल कागदाने काम होतं. निळ्याने मात्र भूत पूर्ण जात नाही, फिकट गुलाबी सावली उरते, कारण बाजारातला निळा कागद थोडा लाल प्रकाश सोडतो. दुहेरी घडी केल्यावर सावली गेली, पण पडदाही अंधारला. नाटकाच्या दिव्यांना लावतात तो गडद निळा फिल्टर मामांकडे एक तुकडाभर आहे, त्यातून स्वच्छ दिसतं. तो मिरजेत मिळेल का बघतो, नाहीतर पुण्याहून मागवावा लागेल. दीडशे चौकटींना प्रत्येकी दोन इंच गुणिले तीन इंच, म्हणजे कापण्यातली नासाडी धरून सात-आठ चौरस फूट. पुठ्ठा मिठाईच्या खोक्यांचा चालेल, खजिनदारांनी ती दिवाळीपासून जपून ठेवली आहेत.